आख : छकड्याचा आणि शर्यतीच्या मोटारीचा



नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठे महांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या माळावर बैलगाड्यांची मोठी शर्यत झाली. पहिले बक्षीस फॉर्च्युनर मोटारीचे आणि दुसरे थार गाडीचे होते. माळ माणसांनी फुलून गेला. त्यानंतर गावोगाव बैलांची चर्चा झाली, मालकांची झाली, मोटारीच्या किमतीची तर फारच झाली. छकड्याच्या आखाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. आख बिचारा गाडीच्या बुडाशी असतो, धुळीत असतो. तो मोडतो तेव्हाच त्याची आठवण होते.

आता यात एक गंमत आहे, ती पाहा. बक्षिसाच्या त्या दोन्ही मोटारींचा मागचा आख डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकसंध, ताठ आहे. ज्या छकड्याने ती मोटार जिंकायची, त्याचाही आख एकसंधच. उलट ज्या तीनचाकी रिक्षात बसून माणसे शर्यत पाहायला येतात, तिच्या मागच्या दोन चाकांमध्ये असा अखंड आख नाही. तिथे डावे चाक आपल्या खड्ड्यात उतरते, उजवे आपल्या दगडावर चढते, आणि एकाच्या धक्क्याची दुसऱ्याला फारशी खबर लागत नाही. मग मातीच्या रस्त्यावर पळायला यातले कोणते बरे? दोन्ही चाके एका दांड्याने बांधावीत, की आख मध्ये तोडून दोघांना मोकळे सोडावे? हा प्रश्न आज शर्यतीच्या मोटारी बांधणारे लोक विचारतात. पण तो आपल्या सुतार-लोहारांपुढेही होता, आणि त्यांच्याही आधी चार हजार वर्षे होता.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण गावातली गाडी कमी झाली तसे तिचे शब्दही पोरांच्या तोंडून गेले. चाकाच्या मध्यभागी जो लाकडी गड्डा तो तुंबा. तुंब्यातून निघतात ते आरे. आऱ्यांच्या टोकांना वळणदार लाकडे जोडून जे वर्तुळ बनते ते पुठ्ठ्यांचे, आणि त्यावर चढवलेली लोखंडी कडी ती धाव. तुंब्याच्या आरपार जातो तो आख. चाक बाहेर निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ. दशरथाच्या रथाच्या आखात कैकेयीने आपला हात घातला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ती कथा रचणाऱ्याला गाडीत नाजूक जागा कोणती हे पक्के ठाऊक होते, एवढे तरी त्यावरून दिसते.

धाव चढवण्याचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगायला नको. लोहार आधी दोरीने चाकाचा घेर मोजी. मग लोखंडी पट्टीची कडी त्या घेराहून किंचित लहान करी. ती गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची, की ती फुगते. फुगली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचे. आकसताना ती सगळे आरे, सगळे पुठ्ठे आवळून टाकी. ना खिळा, ना डिंक. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा गुरुजींनी फळ्यावर शिकवण्याआधी गावच्या पोरांनी लोहाराच्या अंगणात पाहिलेला असे.

आपल्या गाडीची मुख्य खूण अशी की तिचा आख फिरत नाही. तो जागच्या जागी पक्का असतो आणि चाके त्याच्यावर फिरतात, प्रत्येक आपापल्या गतीने. हे आपल्याला इतके सवयीचे आहे की दुसरी काही तऱ्हा असू शकते हेच सुचत नाही. पण सिंध प्रांतातल्या जुन्या शेतगाड्यांची तऱ्हा नेमकी उलटी होती. त्यांची चाके भरीव लाकडाची, आखाला घट्ट बसवलेली. चाक फिरले की आखही त्याच्याबरोबर फिरे आणि गाडीखालच्या खोबणीत करकरत राही. मोहेंजोदडोला मातीच्या खेळण्यातल्या गाड्या सापडल्या, तेव्हा त्या आणि सिंधमधल्या चालत्या गाड्या यांतले साम्य पाहून संशोधक चकित झाले. आपल्या महाराष्ट्रातही अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली काशाचा एक रथ सापडला. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, दोन चाके, दोन बैल, आणि वर उभा राहून हाकणारा माणूस. त्याचा काळ नक्की कोणता यावर विद्वानांत वाद आहे. परंतु उभ्याने बैल हाकणारा तो माणूस पाहिला की आपल्या माळावरचा छकडा आठवल्याशिवाय राहत नाही.

चाके आखाला घट्ट असण्याने काय बिघडते? शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात एक लहानसा प्रयोग करून पाहावा. शिवणयंत्राची दोन रिकामी रिळे घ्या. एका काडीच्या दोन टोकांना ती डिंकाने पक्की चिकटवा आणि टेबलावर वळवत ढकला. एक रीळ फरफटेल. आता तशीच दुसरी जोडी सैल ठेवून वळवा, सहज वळेल. कारण साधे आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? समजा दोन चाकांत साडेचार फुटांचे अंतर आहे आणि गाडी पूर्ण उलट फिरवायची आहे. बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे १४ फूट अधिक चालेल. वळण लहान घ्या की मोठे घ्या, फरक तेवढाच. मुलांना हे खरे वाटत नाही. त्यांना गणित करून पाहू द्या.

सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागांत ‘आरत-परत’ शर्यती असतात, म्हणजे ठरल्या खुणेपर्यंत जायचे, वळायचे आणि परत यायचे. तिथे हे १४ फूट फार मोलाचे. चाके आखाला जखडलेली असती तर त्या वळणावर बैलांनी गाडी ओढली नसती, फरफटवली असती.

जखडलेली चाके पाहायची तर रेल्वेकडे जावे. कवठे महांकाळवरून जाणारी मिरज-पंढरपूर लाइन बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी १९२७ साली मिरजेला पोचली, आणि या शतकात तिथे मोठे रूळ पडले. तिचे निर्माते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सगळा हिशेब आखावर होता. कुठल्याही आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, हा त्यांचा नियम. भार थोडा म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून लाइन स्वस्त, आणि स्वस्त म्हणून ती आपल्या दुष्काळी मुलखापर्यंत येऊ शकली. असो. सांगायचे ते असे की रेल्वेची दोन चाके आणि आख मिळून एकच तुकडा असतो. मग ती वळते कशी? तिची चाके सरळ कापलेली नसतात, किंचित उतरती असतात, आतल्या कडेला घेर जास्त आणि बाहेरच्या कडेला कमी. वळणावर गाडी थोडी सरकते आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालू लागते. ही युक्ती ध्यानात ठेवा, शेवटी तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

रस्ता मात्र रुळासारखा गुळगुळीत नसतो. आपला प्रदेश मुरमाड. अग्रणी नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी. म्हैसाळ योजनेचे पाणी आले तिथे हिरवे झाले, पण माळ माळच आहे. गाड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेने गेल्या की दोन खोल घळ्या पडतात, त्या चाकोऱ्या. चाकोरीच्या मापाची गाडी असेल तर ती आपोआप चालते. माप जुळले नाही तर एक चाक खाली, एक वर, आणि सगळी गाडी कलंडते. अखंड आखाचा हाच दोष. एक चाक चढले की आख तिरपा, आणि आख तिरपा झाला की दुसरे चाकही तिरपे.

शर्यतीच्या छकड्यात आपल्या लोकांनी जे फेरफार केले ते याच जाणिवेतून. साटा काढून टाकला, बावकाडे काढून टाकली, उरले ते दांड्या, आख आणि चाके. तुंब्यात वंगण भरलेली लोखंडी नळी होती, तिथे बेअरिंग बसवली. पण सर्वांत नाजूक काम आखाच्या जागेचे. गाडीचा भार आखाच्या मागे गेला तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि जोत बैलाचा गळा दाबते. भार पुढे आला तर गाडी धुरजड होते आणि सगळे ओझे मानेवर बसते. चांगला गाडीवान पळत्या छकड्यावर आपले अंग पुढे-मागे करतो तो ऐटीसाठी नव्हे. तो स्वतःच्या वजनाने तराजू सांभाळत असतो. मोटारीचे वजन चुकीच्या जागी पडले तर लोखंडाला त्रास होतो, इथे तो मुक्या जनावराला होतो. म्हणून ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या तेव्हा आपल्याकडे पुष्कळ लोक रागावले, तरी न्यायालयाने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, असे मला वाटते. पुढे राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. आता धाव हजार मीटरांच्या आत हवी, मारहाण नको, असे नियम आहेत. आखाच्या जागेविषयी नियम नाही. तो गाडीवानाच्या इमानावर सोडलेला आहे.

ओझ्याच्या गाडीचे मात्र वेगळे झाले. १९३० नंतर रबरी हवेच्या चाकांची गाडी आली. टायर डनलॉप कंपनीचे, म्हणून गाडीचेच नाव ‘डनलॉप’ पडले. ती ओढायला हलकी, रस्त्याला मऊ. पुढे बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारण्यासाठी आयुष्यातली बरीच वर्षे वेचली. पण तोवर ट्रॅक्टर आला होता.

आता मोटारीकडे वळू. मोटारीची अडचण गाडीहून मोठी, कारण गाडीला बैल ओढतात आणि चाके नुसती फिरतात. मोटारीत मात्र चाकांनीच ढकलायचे असते. इंजिनाची ताकद आखातून चाकाकडे न्यायची म्हणजे आख फिरायलाच हवा. आणि आख फिरला की सिंधच्या गाडीचे दुखणे परत आले. यावर ऑनेझिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास तोड काढली. आख मध्ये कापायचा, दोन अर्ध्या दांड्यांच्या मध्ये दातेरी चाकांची एक पेटी ठेवायची, आणि ती पेटी दोघांनाही ताकद देईल पण वेग ज्याचा त्याला घेऊ देईल. हेच डिफरन्शियल. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीतही ते होते.

या पेटीची एक वाईट खोड आहे. ज्या चाकाला विरोध कमी, तिकडे ती सगळा वेग ओतते. ट्रॅक्टर चिखलात रुतला की एक चाक गरगर फिरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते, हे आपण पाहतोच. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा दांडा असतो. तो दाबला की दोन्ही चाके पुन्हा एक होतात. शिवाय डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. बांधावर वळताना तुम्ही एकच ब्रेक दाबता आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. वाळवंटात शर्यत करणाऱ्या अमेरिकेतल्या गाड्यांत हीच युक्ती वापरतात. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हातब्रेक ठेवतात. आपल्या शेतकऱ्याला ते शिकवायची गरज नाही.

इथवर चाकांचा वेग मोकळा झाला, पण उंची मोकळी झाली नव्हती. दोन्ही अर्धे दांडे एकाच ताठ नळीत होते. डाव्याला धक्का बसला की उजवे हलणारच. त्यातून ती जड पेटी स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर उसळणारी. खडबडीत वाटेवर जड वस्तू उसळली की ती लवकर खाली येत नाही, आणि चाक हवेत असेतो ना ताकद, ना ब्रेक. एडमुंड रुंप्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९०३ मध्ये यावर पेटंट घेतले. पेटी गाडीच्या सांगाड्याला बांधा आणि दोन अर्धे आख पंखांसारखे दोन बाजूंना हलू द्या. १९२३ मध्ये झेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कारखान्यात हान्स लेडविंका यांनी मधल्या जाड नळीला असे अर्धे आख लावून मोटार बांधली. त्याच घराण्यातले टाट्रा ट्रक आपल्या सैन्यात १९८६ पासून बी.ई.एम.एल. या सरकारी कंपनीमार्फत आले. रिकामा टाट्रा रस्त्याने जाताना पाहिलात तर त्याची चाके वाकड्या पायांची दिसतात. ती बिघडलेली नसतात. पंख खाली झुकलेले असतात, इतकेच.

या पंखांत एक सापळा आहे, आणि त्यात माणसे मेली आहेत, म्हणून इथे जरा थांबू. अर्धा आख फक्त आतल्या टोकाला हलतो, म्हणून चाक वर-खाली जाताना कलते. जोराच्या वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर येतो. ते चाक जमिनीला धरून ठेवते आणि गाडीचे अंग वर उचलू लागते. अंग उचलले की चाक आणखी आत मुडपते, मुडपले की अंग आणखी उचलते. धावता माणूस पाय आत मुडपून कोसळावा तशी गाडी कोसळते. फोक्सवॅगनच्या बीटलला हा दोष होता. अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेर गाडी १९५९ च्या अखेरीस निघाली, तिला होता. १९६४ मध्ये तिच्या मागच्या बाजूस एक आडवी स्प्रिंग घातली गेली, १९६५ पासून सगळी मांडणीच बदलली. त्याच १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सुरक्षिततेवरचे गाजलेले पुस्तक आले, आणि त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते.

गंमत अशी की ज्या बीटलचा आख डांबरी रस्त्यावर धोक्याचा, तोच मातीवर नावाजला. ब्रूस मायर्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या नाव बांधणाऱ्या माणसाने १९६४ मध्ये बीटलचे सामान घेऊन त्यावर हलकी, उघडी गाडी बसवली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात लांब पल्ल्याची पहिली शर्यत झाली, ती अशा गाडीने जिंकली. मग गॅरेजागॅरेजांतून मागच्या आखाचे फेरफार सुरू झाले. ते नीट पाहिले तर प्रत्येकाच्या मागे एकच ओढाताण दिसते. चाकाला जितके खाली-वर जाऊ द्यावे तितकी खडबडीत वाटेवर पकड चांगली, पण तितकाच मुडपण्याचा धोका जास्त. म्हणून पहिला आणि सर्वांत स्वस्त फेरफार साध्या पट्ट्याचा. जाड विणलेला पट्टा आखाला आणि सांगाड्याला बांधायचा, म्हणजे चाक ठरल्या मापाखाली लोंबत नाही. आपण व्यालेल्या म्हशीला दावे किती लांब ठेवायचे ते ठरवतो, तसेच. दुसरा फेरफार आडव्या स्प्रिंगचा. तिसरा, दोन चाकांतले अंतर वाढवायचे. आणि खरा उपाय फोक्सवॅगनने स्वतःच १९६८-६९ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांत केला. अर्ध्या आखाला दोन्ही टोकांना सांधे द्यायचे आणि चाक धरायला वेगळा हात द्यायचा. मग चाक वर-खाली होते, पण उभेच्या उभे राहते.

आपल्या रिक्षाची मांडणी याच दुसऱ्या जातीची. मागचे प्रत्येक चाक एका हाताला लावलेले, हाताची बिजागरी पुढे, आणि पेटीपासून चाकापर्यंत दोन्हीकडे सांधे असलेला छोटा दांडा. म्हणून रिक्षा उलटते ती तीन चाकांमुळे, मागच्या आखामुळे नव्हे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या यात्रेत जानेवारी २०२३ मध्ये रिक्षा उलट्या दिशेने पळवण्याची स्पर्धा झाली. मागची चाके पुढे, सुकाणूचे चाक मागे. हसण्यासारखे वाटते खरे, पण दोन मोकळ्या चाकांनी वाट काढायची आणि शेपटीने दिशा द्यायची, हे येरागबाळ्याचे काम नाही.

अशा मुलखात हाताने गाड्या करणारे निघतात यात नवल काय? कडेगाव तालुक्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्र यांनी ती ठेवून घेऊन जानेवारी २०२२ मध्ये त्याला बोलेरो दिली. सरकारी रस्त्यावर अशी गाडी चालवणे नियमात बसत नाही, हेही त्यांनी तेव्हा सांगितले होते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांप्रमाणे नोंदलेल्या गाडीची मूळ मांडणी मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही. बंद मैदानावरची शर्यत ही निराळी गोष्ट. इंदूरजवळ पिथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली ती अशीच. सर्वांना एकाच जातीचे लहान इंजिन, बाकी गाडी स्वतः बांधायची आणि शेवटी खड्ड्या-टेकाडांतून चार तास पळवायची.

आपल्या गावातल्या एखाद्या हुशार पोराने रिक्षाचे किंवा जुन्या मोटारीचे मागचे दांडे घेऊन अशी गाडी करायला घेतली, तर त्याला दोन गोष्टी अवश्य सांगा. दांडा आखूड पडला म्हणून तो मध्ये कापून, तुकडा घालून वेल्डिंग करू नकोस. त्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते, कोयत्याच्या पात्याला लोहार देतो तसे. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. जोड दिसायला भक्कम दिसतो, पण दांडा तुटतो तो जोडाच्या शेजारी, आणि तुटतो तो भर वेगात. लांब दांडा हवा तर नवा घडवून, कातून, पुन्हा पाणी देऊन घ्यावा. दुसरे, सांध्यावरची रबरी पिशवी फाटू देऊ नये. आपल्या मुरमाची बारीक धूळ वंगणात शिरली की ते वंगण राहत नाही, घासायचा कागद होतो. आणि चाकाला लोंबायला किती जागा द्यायची ते आधी ठरवून पट्टा बांधावा, गाडी एकदा उलटल्यावर नव्हे.

मोकळ्या आखाची एवढी थोरवी गायल्यावर एक शेवटची गोष्ट सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत मातीच्या गोल मैदानावर, घाण्याच्या बैलासारख्या एकाच दिशेने, डावीकडे वळत पळणाऱ्या गाड्यांच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. त्या गाड्यांत रुंप्लरचे पंख नाहीत, रिक्षाचे हात नाहीत, पेकरची पेटीसुद्धा नाही. मागचा आख एकच, आणि दोन्ही चाके त्याला घट्ट जखडलेली, सिंधच्या शेतगाडीसारखी. कारण तिथे उजवीकडे वळायचेच नसते. मग फरफट टाळण्यासाठी ते उजव्या बाजूला मोठ्या घेराचे टायर घालतात आणि डाव्या बाजूला लहान. ही रेल्वेच्या उतरत्या चाकाचीच युक्ती. गाडी आपण होऊन डावीकडे ओढ घेते. फरक किती इंचांचा ठेवायचा हे त्या दिवशीच्या मातीवर ठरते, ओली असेल तर एक, सुकून कडक झाली असेल तर दुसरा. म्हणून शर्यतीआधी तिथला कारागीर टेप घेऊन खाली बसतो आणि लोहाराने दोरीने मोजावा तसा एकेका चाकाचा घेर मोजत राहतो.